मी कोणाला खजील केलं?

सोमवार, ६ तारीख

ही वही कारकुनाने दिली. ऑफिसची आहे, अर्धी कोरी. म्हणाला, "मुकादमबाई, जे घडलं आणि जे घडेल ते रोज लिहून ठेवा. तारीख घाला. चौकशीत तोंडी बोलायला गेलात तर तुमचं तोंड सुटेल, मग साहेबांच्याही हातात काही राहायचं नाही." मी म्हटलं, "माझं तोंड सुटलेलंच असतं, घरी बांधून ठेवून येत नाही मी." तो हसला. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तर लिहिते. चौथीनंतर मी गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांशिवाय काही लिहिलेलं नाही. चादरी चाळीस, अभ्रे साठ, खाली सही. अक्षर येईल तसं येईल. कोणाला दाखवायचं थोडंच आहे.

आज कागद हातात पडला. त्यात लिहिलंय, २ तारखेला मी कर्मचारी क्रमांक सोळा हिला सर्व सहकाऱ्यांसमोर खजील केलं, अशी तक्रार आली आहे. १७ तारखेला चौकशी. ठपका बसला तर मुकादमी जाणार. अकरा वर्षं मी या इस्पितळाच्या लाँड्रीत मुकादम आहे. बावीस बायका हाताखाली. कुठल्या वॉर्डात किती चादरी फाटक्या आहेत ते मी डोळे मिटून सांगेन. आणि हे सगळं जाणार कशावर, तर एका शब्दावर. जन्मात कधी तोंडातून काढला नाही मी तो शब्द.

कारकुनाला विचारलं, "खजील म्हणजे काय रे बाबा?"

"म्हणजे लाजवलं, असं."

"मग लाजवलं लिहायला हात दुखत होता?"

"ऑफिसच्या कागदात असंच लिहितात."

ऑफिसच्या कागदात! साधं बोललं तर समोरच्याला कळेल ना. कळू नये म्हणून तर हे असले शब्द.

मंगळवार, ७ तारीख

घडलं ते लिहून टाकते, उगाच उद्या कोणी फिरवायला नको.

ऑपरेशन थिएटरच्या चादरीची घडी वेगळी. पंख्यासारखी, पट्टीवर पट्टी. शेवटी वरचा उजवा कोपरा बाहेर दुमडून ठेवायचा. वरच्या मजल्यावर सिस्टर हातमोजे घालून फक्त तो कोपरा धरते आणि झटकते, चादर आपली आपण उलगडत जाते. बाकी कुठे हात लागत नाही. लागला की चादर बाद. एवढं सोपं काम. मी झोपेत करेन.

सोळा नंबर डावखुरी आहे. चार महिन्यांपूर्वी लागली. हात साफ आहे, हे मी नाकारत नाही. वॉर्डाच्या चादरी तिच्याइतक्या सफाईने कोणी करत नाही, म्हणून तर मीच तिला थिएटरच्या टेबलावर घेतलं. तिने सगळ्या घड्या केल्या डाव्या हाताने, कोपरा आला डावीकडे. वरून बघितलं तर कळतही नाही. २ तारखेला सकाळी पेशंट टेबलावर, गुंगी दिलेली. सिस्टरने सवयीने उजवीकडे हात घातला, मधलीच पट्टी हाताला लागली, अख्खी चादर जमिनीवर. दुसरा गठ्ठा सोडला, तोही तसलाच. डॉक्टर सिस्टरवर खेकसला. सिस्टर जिना उतरून खाली आली आणि माझ्यावर खेकसली, बावीस बायकांसमोर. "अकरा वर्षं नुसते गठ्ठे मोजताय का? तुम्हाला डोळे आहेत की बटणं?" म्हणाली. मला काही वाटलं नाही. कामात बोलणी बसतातच. ती गेल्यावर मी दोन ग्लास पाणी प्यायले आणि सोळा नंबरला बोलावलं.

ती म्हणाली, "मुकादमबाई, मी सांगते कसं झालं ते..."

मी म्हटलं, "सांगू नकोस. हात दाखव."

तिने डावा पुढे केला. मी बँडेजची पट्टी घेतली, तिचा तो हात मागे नेला आणि ॲप्रनच्या नाडीला बांधून टाकला. मधल्या टेबलाशी उभी केली. "आता कर. उजव्या हाताने. बारा चादरी."

एवढी मोठी चादर एका हाताने आवरत नाही, हे मलाही माहीत आहे. ती हनुवटीखाली धरायची, कोपराने दाबायची, चादर पुन्हा सुटायची. एकदोघी हसल्या. मी काहीतरी बोलले. इस्त्रीवरची चष्मेवाली म्हणते मी म्हटलं, "बघा गं, फुकटात सर्कस." म्हटलं असेन.

पाऊण तास लागला. बाराव्या चादरीनंतर मी पट्टी सोडली. तिने ॲप्रन काढला, त्याची घडी केली, टेबलावर ठेवला आणि गेली. ती आजपर्यंत फिरकलेली नाही.

मारलं का मी? शिवी दिली? पट्टीसुद्धा मऊ बघून घेतली होती.

गुरुवार, ९ तारीख

कारकुनाच्या कपाटात शब्दांचं जाडजूड पुस्तक आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याला काढायला लावलं. खजील, म्हणजे लज्जित, ओशाळलेला, वरमलेला. एकाची चौकशी करायला गेले तर तीन साक्षीदार उभे, आणि तिघेही एकाच घरचे.

मी म्हटलं, "हे बघ, पाणउतारा मला कळतो. पाणउतारा केला लिही, मी आत्ता अंगठा उठवते."

"सही करा, अंगठा कशाला?"

"सही करते. पण खजील काढ."

"का? दोन्ही वाईटच."

का ते मला धड सांगता येईना, म्हणून जास्तच राग आला. घरी येताना डोक्यात जुळलं ते असं. पाणउतारा मी करते. माझं तोंड, माझं काम, माझी जबाबदारी. पण खजील व्हायचं की नाही हे समोरच्याच्या हातात. ती झाली असेल तर तिच्या मनाने झाली. तिच्या मनात मी कशी शिरणार? तिच्या आत जे झालं त्याची चौकशी माझी कशी? हे साहेबांना विचारायचं आहे. लक्षात राहावं म्हणून लिहिलं.

यांनाही विचारलं. आमच्या यांचं कुलपं-किल्ल्यांचं छोटं दुकान आहे. बोलताना अडखळतात, लहानपणापासूनच. गिऱ्हाईक ताटकळतं, म्हणून मी दुकानात असले की मी वाक्य पुरं करून टाकते. वेळ वाचतो.

मी म्हटलं, "खजील होणं म्हणजे कसं असतं हो?"

"म्हणजे आप... आप..."

"आपलं तोंड लपवावंसं वाटणं?"

"न... नाही. आप..."

"आपली चूक कळणं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेचकस घेतला आणि एक गंजलेलं कुलूप उघडत बसले. माहीत नाही तर नाही म्हणावं माणसाने. मिठाची गुळणी धरून बसायचं, हे यांचं जुनंच.

शनिवार, ११ तारीख

आज मुलीचा फोन. ती शनिवारी करते, पाच मिनिटं. तब्येत, यांचं औषध, ठेवते. दोन वर्षांत सासरची माणसं घेऊन आलेली नाही. येतो येतो म्हणतात. ती शिकलेली आहे, म्हटलं तिला विचारावं.

"खजील करणं म्हणजे काय गं?"

"कशाला हवंय तुला?"

सांगितलं सगळं.  मला वाटलं फोन कट झाला.

"आई, उदाहरण देऊन सांगू?"

"दे की."

"माझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलीस. सासूबाई, सासरे, दीर, त्यांचे मित्र, सगळे टेबलावर. तू म्हणालीस, ही बारा वर्षांची होईपर्यंत हिच्या अंथरुणाची चादर रोज बदलावी लागायची, मी लाँड्रीत होते म्हणून निभावलं."

"अगं, सगळे किती हसले होते!"

"हो."

"सासरे तर ठसका लागेपर्यंत..."

"आई, मी हसले नव्हते."

मी म्हटलं, "खोटं होतं का त्यात काही?" ती म्हणाली, "नाही, खरं होतं," आणि फोन ठेवला. पाच मिनिटंही झाली नव्हती.

अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं पोटात ठेवून बसली होती! तेव्हाच तोंडावर सांगायचं. माझ्यासारखं. मी कधी काही पोटात ठेवत नाही. आणि चादरी कोणी धुतल्या? मी. एक शब्द न बोलता धुतल्या, बारा वर्षं. एकदा बोलले तर आकाश कोसळलं.

रविवार, १२ तारीख

सोळा नंबरच्या घरी जाऊन आले. कोणी पाठवलं नव्हतं. मीच ठरवलं, समोरासमोर बोललं की विषय मिटतो. ती कामावर आली तर तक्रारच उरत नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. जिना इतका अरुंद की खांदा तिरका करून चढावं लागतं. आत दोरीवर कपडे, खाली एक पेटी, पेटीवर घड्या केलेल्यांची चळत. बघितलं तरी कळलं असतं कोणाचा हात आहे. मुलांच्या चड्ड्यासुद्धा ओळंब्यात. तिची मुलगी, असेल सातेक वर्षांची, जमिनीवर पालथी पडून वहीत लिहीत होती.

सोळा नंबरने पाणी दिलं. बसा म्हणाली नाही, पण खुर्ची मोकळी केली.

मी म्हटलं, "किती दिवस रुसून बसणार? उद्यापासून ये."

"तुम्ही माफी मागायला आलात का?"

"बोलवायला आले."

"मग बोलवून झालं."

"हे बघ, मी तुला वाईट वाटावं म्हणून काही..."

"आई," ती मुलगी मधेच म्हणाली, "हात बांधणारी बाई ती हीच का?"

सोळा नंबर म्हणाली, "अभ्यास कर तू."

तेव्हा मी त्या पोरीकडे नीट बघितलं. तिच्या डाव्या हातात पेन्सिल होती. मी बघतेय हे दिसल्यावर तिने पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि डावा हात पोटाखाली दाबून टाकला. पेन्सिल धरता येईना. अक्षर आगगाडीच्या धुरासारखं वर गेलं. तरी लिहीत राहिली, माझ्याकडे न बघता.

सोळा नंबरनेही ते बघितलं.  त्या बाईने तोंड उघडलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी आठ दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

मी ग्लास ठेवला आणि निघाले. जिन्यात खांदा घासला, खरचटलं. असल्या जिन्याची परवानगी देतं कोण?

घरी येऊन यांच्यावर ओरडले. दुपारी अभ्र्यांचा हिशेब करायला बसले, दोनदा चुकला. पोरीला मी काय केलं? मी तर तिला हातही लावला नाही. उलट उजव्या हाताची सवय झाली तर पुढे तिचंच भलं आहे. असं मी स्वतःशी म्हटलं आणि त्याचाही राग आला.

मंगळवार, १४ तारीख

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. साहेब माणूस वाईट नाही, फक्त कटकट नको असते.

"बाई, तुमच्यासारखी मुकादम मला मिळायची नाही. ही चौकशी वरून आली म्हणून करावी लागते." टेबलावरून एक कागद सरकवला. टाइप केलेला. "हे शुक्रवारी वाचून दाखवायचं आणि सही करायची. संपलं."

कागदावर होतं, 'कर्मचारी क्रमांक सोळा हिला खजील करण्याचा माझा कोणताही हेतू नव्हता. कामाची योग्य पद्धत शिकवावी, एवढाच माझा उद्देश होता.'

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. हेतू नव्हता म्हटलं की शब्दातला दम जातो. मुकादमी तुमची तुमच्याकडे."

"आणि सोळा नंबर?"

"तिला दुसरीकडे कुठेतरी चिकटवू. स्वयंपाकघरात भांडी घासायला माणसं हवीच आहेत."

छातीवरचा दगड उतरला. खाली आले ती ताठ मानेने. चष्मेवाली दारातच उभी. "मिटलं का, बाई?" म्हटलं, "मिटल्यात जमा. इस्त्रीचं पाणी बदललंस का? की चष्म्यातून तेवढं दिसत नाही?" ती निमूट आत गेली. बऱ्याच दिवसांनी मला माझ्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मात्र एक गोष्ट खटकली. सोळा नंबरच्या हातांना भांडी? तो हात भांड्यांचा नाही. साहेबांना घडी म्हणजे काय ते कळत नाही.

गुरुवार, १६ तारीख

कागद मोठ्याने वाचायचा सराव केला. 'कोणताही' पाशी अडखळते. 'उद्देश' पाशीही. ऐकायला आमचे हे. मी अडखळले की ते थांबतात, शब्द पुरवत नाहीत. मी म्हटलं, "सांगा ना, येतंय तुम्हाला." म्हणाले, "तू... तूच म्हण."

लोकांसमोर वाचायचं म्हटलं की हाताला घाम येतो. कारण मला माहीत नाही. चौथीत एकदा बाईंनी माझा निबंध वर्गाला वाचून दाखवला होता. 'माझे घर' असा विषय. मी लिहिलं होतं की आमच्या घराला दार नाही, पोतं लावलेलं आहे, आणि वारा आला की पोतं पोट फुगवतं. बाईंनी चुका वाचून दाखवल्या आणि ते पोतंही दोनदा वाचलं. सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत पोरं विचारायची, पोतं ठोठावून आत यायचं का? दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. घरी काम होतं. आई म्हणत होती जा, पण मी म्हटलं काम आहे.

याचा इथे काही संबंध नाही. लिहायला बसलं की हात कुठेही जातो. उद्या चौकशी, अकरा वाजता. कागद घडी करून पाकिटात ठेवला आहे.

शुक्रवार, १७ तारीख

झालं ते लिहिते. जसं झालं तसं.

साहेबांची खोली. साहेब, कारकून लिहायला, थिएटरची सिस्टर, मी. सोळा नंबर शेवटी आली, धुतलेले कपडे, केस घट्ट बांधलेले. दोन्ही हात मांडीवर, डावा वर.

सिस्टरला आधी विचारलं. तिने चादरी कशा पडल्या ते सांगितलं. मग म्हणाली, "खरं तर घडी चुकीची नव्हती. फक्त कोपरा उलट बाजूला होता. त्याला एक लाल दोरा घातला असता तर मला लगेच दिसला असता."

सोळा नंबर म्हणाली, "मी तेच सांगणार होते त्या दिवशी. लाल दोरा घालू का, म्हणून. यांनी सांगू दिलं नाही."

एक लाल दोरा! माझ्या खणात लाल दोऱ्याची तीन रिळं पडून आहेत. डोकं असं भणभणलं की साहेब काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही.

"बाई, तुमचं निवेदन वाचा."

मी कागद काढला. पहिली ओळ वाचली. 'खजील करण्याचा माझा कोण... कोणताही' आणि तिथेच अडकले. सगळे थांबले. कोणी शब्द पुरवला नाही. मी वर बघितलं तर सोळा नंबर माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी पुढचा शब्द म्हणते की नाही एवढंच बघत होती.

साहेबांनीच पुढे ढकललं. "हेतू नव्हता. बरोबर ना, बाई? हेतू नव्हता."

मी म्हटलं, "होता."

कारकुनाचं पेन थांबलं.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला शब्द कळलेला दिसत नाही."

तिथे माझं तोंड सुटलं. "दहा दिवस दुसरं काय करतेय मी? चांगला कळलाय. घडी शिकवायची असती तर एका चादरीत शिकवली असती. बारा कशाला लागल्या? हात कशाला बांधला? कोपऱ्यात नेऊन का नाही सांगितलं? तिने मान खाली घालावी आणि बावीस जणींनी ते बघावं म्हणून केलं. आठव्या चादरीला तिने मान खाली घातली आणि मला बरं वाटलं. तरी पुढच्या चार करायला लावल्या. लिहा. खोटी चिठ्ठी मी चादरींच्या गठ्ठ्यावर लावत नाही, माझ्यावर कशाला लावू?"

हे सगळं मी ओरडून बोलले. माफीसारखं अजिबात नव्हतं ते. साहेबांवर ओरडल्यासारखं होतं. सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागली. साहेबांनी कपाळावर हात मारला, "बाई, आता मी काय करू तुमचं?" म्हणाले.

काय करायचं ते केलं त्यांनी. मुकादमी गेली. सोमवारपासून चष्मेवाली मुकादम. मी घडीच्या टेबलावर, क्रमांक तेवीस. सोळा नंबरला विचारलं परत येणार का. ती म्हणाली, "येते. थिएटरच्या चादरी माझ्या हाताने करीन. कोपऱ्याला लाल दोरा घालीन." साहेब हो म्हणाले. घाईने म्हणाले, जेवायची वेळ झाली होती.

बाहेर पॅसेजमध्ये ती माझ्यापुढे चालत होती. मला वाटलं थांबेल. थांबली नाही.

घरी यांना सांगायला तोंड उघडलं. "माझी मुकादमी..." म्हटलं, आणि पुढे आवाजच निघेना. हे थांबून राहिले.  मग अजिबात न अडखळता म्हणाले, "गेली. बस. चहा टाकतो."

सोमवार, २० तारीख

टेबलावरचा पहिला दिवस.

आत शिरले आणि बावीस बायकांनी माना खाली घातल्या. मला वाईट वाटू नये म्हणून! कोणी तेवीस नंबर म्हणेना, कोणी मुकादमबाई म्हणेना. "जरा सरकता का" एवढंच, तेही चादरीकडे बघत. मी अकरा वर्षं या बायकांना ओरडले, एकीने तरी आज टोमणा मारावा? दात काढावेत? सर्कस म्हणावं? काही नाही. सगळ्या नुसत्या चांगल्या वागत होत्या. त्याने अंगाची आग आग झाली. इस्त्रीची वाफही आज जास्त होती, कान तापले होते.

दहाच्या सुमारास माझ्या गठ्ठ्यात एक चादर चुकली. पट्टी सुटली होती. टेबलावर घड्या करायची सवय गेली आहे माझी. चष्मेवालीने बघितलं. तिला चांगली संधी होती. ती आली, माझ्या कानाशी वाकली, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ताई, ही तेवढी परत करता?"

मी परत केली.  हे काय वागणं झालं? असं कानात सांगून माणूस सुधारतो का? पण ती पट्टी पुढे दिवसभर एकदाही सुटली नाही, हेही लिहिते.

सोळा नंबर माझ्या समोरच्या टेबलावर. डाव्या हाताने लाल दोरा घालत होती, कोपऱ्याकोपऱ्याला. माझ्याकडे बघत नव्हती आणि टाळतही नव्हती. तिला तिचं काम होतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे काढायला लागल्या, तेव्हा मला राहवलं नाही. हे कोपऱ्यात जाऊन, कानात बोलून माझ्याने होणार नव्हतं. मी इस्त्रीचं स्टँड टेबलावर आपटलं. "इकडे बघा सगळ्यांनी." अकरा वर्षांची सवय, सगळ्यांनी बघितलं.

मी म्हटलं, "२ तारखेला इथे, याच टेबलाशी, मी सोळा नंबरला खजील केलं. चूक तिची नव्हती. तुमच्यातल्या ज्या हसल्या त्या मी हसवल्या म्हणून हसल्या. खजील मी केलं." शब्द जिभेवर नीट बसला. पुढे आणखी बोलायचं होतं, तिच्या पोरीचं, पेन्सिलचं, पण ते बोलले नाही, तशीच उभी राहिले. बावीस जणी बघत होत्या. कुठे बघावं ते मला कळेना.

सोळा नंबरने दातांनी दोरा तोडला. "झालं बोलून?" म्हणाली. "मग जेवून घ्या आणि हात चालवा. तीनला थिएटरची गाडी लागते, तुमचा गठ्ठा अजून अर्धाच आहे."

सगळ्यांसमोर म्हणाली. तोंडावर.

मी मान खाली घातली आणि डबा उघडला.